भातासाठी जुना ट्रक घेताना : रंग नंतर, गिअरबॉक्स आधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भात झोडून, वाळवून झाले की कोकणात दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो : खरेदी केंद्रावर किंवा गिरणीवर माल न्यायचा कसा? छोट्या टेम्पोच्या फेऱ्या परवडत नाहीत आणि भाड्याचा ट्रक नेमका त्याच पंधरवड्यात मिळत नाही. म्हणून शेतकरी गट आणि काही सोसायट्या स्वतःचा जुना ट्रक घेण्याचा विचार करू लागल्या आहेत. विचार चांगला आहे. पण व्यवहार बहुतेक वेळा मॉडेलचे साल, टायरची नक्षी आणि कॅबिनचा रंग पाहून होतो. आम्ही जुन्या गाड्यांच्या गिअरबॉक्सचे आणि हाउसिंगचे (मागच्या चाकांच्या मधला गिअरचा गोळा) काम करणारे लोक आहोत. आमच्या मते कोकणात भात वाहायचे असेल तर हा क्रम उलटा हवा. आधी हौद्याची, म्हणजे माल भरायच्या मागच्या भागाची, लांबी, मग गिअरबॉक्स आणि मागच्या हाउसिंगचे प्रमाण, मग चॅसीचा (गाडीच्या लोखंडी सांगाड्याचा) गंज, आणि इंजिन त्यानंतर. इंजिन बिघडले तर तालुक्याच्या गावीही उघडून बांधता येते. चुकीच्या गिअरची गाडी मात्र रोज चढाला रडते, आणि ते रडणे कोणत्याही दुरुस्तीने थांबत नाही.

हौद्यापासून सुरुवात करू. भात हलके असते. सुट्ट्या भाताचे वजन घनमीटरला साधारण ५५० ते ६०० किलो भरते. गव्हाचे ७५० किलोच्या पुढे जाते, आणि जांभ्या चिऱ्याचे तर दीड टनाच्याही वर. म्हणून चिरा-खडीच्या धंद्यातून निघालेला डंपर स्वस्तात मिळाला तरी तो भाताच्या कामाचा नाही. दहा टायरी डंपरचा १४ घनमीटरचा हौदा काठोकाठ भरला तरी त्यात ८ टनांच्या आसपासच भात बसते. डिझेल, टायर आणि कर मात्र दहा टायरांचा. हायड्रॉलिकने माल पटकन उतरतो हे खरे, पण आपल्याकडचे भात बारदानात जाते, सुटे ओतले जात नाही. तेव्हा त्या सोयीचा उपयोग वर्षातून फार थोडा.

सहा टायरी गाडी, हौदा २० फूट लांब आणि साडेसात फूट रुंद, फाळके (हौद्याच्या बाजूच्या भिंती) उंच करता येण्याजोगे, हे माप बहुतेक गटांना पुरते. ४० किलोची ३०० पोती म्हणजे १२ टन. ती अशा हौद्यात साडेपाच फुटांच्या आसपास थप्पी लावून बसतात. फाळके तीन फुटी असतील तर वरची अडीच फूट थप्पी दोरीच्या भरवशावर राहते, आणि परशुराम घाटाच्या वळणावर ती कुठे कलते हे आधी सांगता येत नाही. गाडी घेतानाच फाळक्यावर जाळी किंवा लोखंडी पट्ट्यांची वाढ बसवण्याच्या खाचा आहेत का, ते पाहावे. वाड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर विजेच्या तारा आणि आंब्याच्या फांद्या किती खाली आहेत, तेही एकदा चालत जाऊन बघावे. दहा किंवा बारा टायरी गाडी मोठ्या गिरणीला शोभते. वाडीच्या रस्त्यावरच्या मोऱ्या आणि वळणे तिच्यासाठी बांधलेली नाहीत.

परतीच्या मालाचा विचार इथेच करावा लागतो. भात घेऊन घाटावर गेलेली गाडी रिकामी परत आणली तर भाडे निघत नाही, म्हणून येताना गहू, साखर, खत, पेंड असे काहीतरी भरले जाते. भाताला साडेपाच फूट थप्पी लागणारी तीच गाडी गव्हाने पावणेचार फुटांवरच भरून जाते. हौद्यात जागा दिसते म्हणून ५० किलोची आणखी ५० पोती चढवली की अडीच टन जास्त झाले. शिवाय हा जास्तीचा भार गाडी घाट उतरताना असतो.

वजन किती न्यायचे ते ड्रायव्हरने नाही, आरसीने ठरवायचे असते. जुलै २०१८ मध्ये केंद्राने एक्सलवरची मर्यादा वाढवली. दोन एक्सलच्या सहा टायरी गाडीचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झाले, तीन एक्सलच्या दहा टायरीचे २५ वरून २८.५, आणि चार एक्सलच्या बारा टायरीचे ३१ वरून ३६. पण जुन्या गाडीच्या आरसीवर १६,२०० किलो लिहिले असेल, तर ती गाडी १६.२ टनांचीच समजून हिशोब मांडावा. दलाल तोंडाने १८.५ म्हणेल. रिकामी गाडी स्वतः वजनकाट्यावर चढवून तोलावी. लाकडी हौदा काढून लोखंडी बसवला असेल तर तिचे वजन आरसीवरच्या आकड्यापेक्षा पाच-सातशे किलोने जास्त भरणे अशक्य नाही, आणि तेवढा माल कायमचा कमी होतो. रिकामी ६ टन असलेल्या १६.२ टनी गाडीत १० टन म्हणजे २५० पोती जातात. त्यापुढे ओव्हरलोड. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार ओव्हरलोडला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये दंड आहे. एका पावतीत पूर्ण फेरीचे भाडे जाते. भात खरेदी केंद्रांच्या जवळपास मोठा वजनकाटा असावा, ही मागणी गटांनी पणन विभागाकडे लावून धरायला हवी.

आता मुख्य मुद्दा. १३० अश्वशक्ती की १८०, यावर पारावर तासभर वाद रंगतो. गिअरबॉक्सला किती गिअर आहेत आणि हाउसिंगचे प्रमाण काय, हे कोणी विचारत नाही. पूर्ण भरलेली १८.५ टनांची गाडी १५ फुटांत १ फूट अशा चढाला लागली, की १३० अश्वशक्तीचे इंजिन तिला ताशी २० किलोमीटरच्या आसपास खेचते, १८० चे ३० च्या जवळ. म्हणजे कुंभार्ली किंवा आंबा घाटात मोठ्या इंजिनाने थोडा वेळ वाचतो, एवढेच. पण त्या २० किलोमीटरच्या वेगाला इंजिन आपल्या बळाच्या फेऱ्यांवर राहते की नाही, हे गिअरवर ठरते. ५ गिअरच्या पेटीत दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमधले अंतर मोठे असते. तिसऱ्यात इंजिन दबते, दुसऱ्यात टाकले तर ओरडते आणि गाडी १५ वर येते. ड्रायव्हर घाटभर या दोघांत अडकून राहतो, क्लच आणि सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवणारी पितळी कडी) त्यातच संपतात. ६ गिअरच्या पेटीत मधे एक पायरी मिळते. तेच इंजिन, तेच वजन, पण गाडी शांत चढते. निवड हातात असेल तर १३० अश्वशक्ती आणि ६ गिअर ही जोडी आम्ही १८० अश्वशक्ती आणि ५ गिअरच्या वर ठेवू.

९ गिअरची पेटी (टाटाच्या मोठ्या गाड्यांतली जी-११५० ही त्यातलीच) दहा-बारा टायरी गाड्यांत मिळते. एक क्रॉलर (सगळ्यांत हळू आणि ताकदीचा गिअर), मग चार लो आणि चार हाय. वाडीच्या चढावर भरलेली गाडी हलवायला क्रॉलरसारखे सुख नाही. पण लो-हाय बदलणारी यंत्रणा हवेवर चालते, आणि नव्या ड्रायव्हरने वेगात असताना हायमधून लोमध्ये ओढले की रेंजचा, म्हणजे या लो-हायचा, सिंक्रो एका झटक्यात जातो. गटाच्या गाडीवर ड्रायव्हर बदलत राहतात. मालक स्वतः चालवणारा असेल तर ९ गिअर, नाहीतर साधी ६ गिअरची पेटी बरी. ऑटोमेटेड गिअरच्या गाड्या आता जुन्या बाजारात दिसू लागल्या आहेत. गाडी चालवायला सोप्या, पण बिघाड शोधायला कंपनीचा संगणक लागतो. तो तालुक्याच्या गावी नसतो, म्हणून त्या सध्या घेऊ नयेत.

हाउसिंगचे प्रमाण म्हणजे त्यातल्या क्राऊन (मोठे दातेरी चाक) आणि पिनियनच्या (त्याला फिरवणारे छोटे चाक) दातांचा हिशोब. गॅरेजमध्ये ‘सहा-एकेचाळीस’, ‘सात-एकेचाळीस’ म्हणतात ते हेच. पिनियनला ६ दात आणि क्राऊनला ४१ असले तर प्रमाण ६.८३, ७ आणि ४१ असले तर ५.८६. गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरचे प्रमाण ७ धरले, तर सहा-एकेचाळीसला इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) चाकापर्यंत ४८ पट होऊन पोचतो, सात-एकेचाळीसला ४१ पट. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाड्यांच्या रस्त्यांवर भरली गाडी चढावर थांबून पुन्हा उचलायची असते, तिथे हे सात पट क्लच प्लेटचे आयुष्य ठरवतात. उलट बाजूही आहे. १०.००-२० टायरवर, टॉप गिअर डायरेक्ट (इंजिनाच्या एका फेऱ्याला शाफ्टचा एक फेरा) असताना २,५०० फेऱ्यांना सहा-एकेचाळीसची गाडी ताशी ७० किलोमीटरच्या आसपास संपते, सात-एकेचाळीसची ८० च्या वर जाते. पेण-अलिबागकडच्या सपाट खार पट्ट्यातले भात महामार्गाने पनवेल-ठाण्याकडे जात असेल तर सात-एकेचाळीस घ्यावी, सहा-एकेचाळीस घेऊन डिझेल जाळू नये. चिपळूणच्या दक्षिणेला, आणि घाट रोजचा असेल तर, सहा-एकेचाळीस.

विकणाऱ्याला विचारून हे प्रमाण कळत नाही, कारण मधे कधीतरी हाउसिंग बदललेले असते आणि त्यालाही माहीत नसते. मोजायला दहा मिनिटे लागतात. गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या चाकांना आणि मागच्या एका बाजूच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावावेत. ब्रेकच्या टाक्यांत हवा पूर्ण भरू द्यावी, म्हणजे हँडब्रेक सोडता येतो. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. मागची दुसरी बाजू जॅकने उचलून खाली भक्कम स्टँड लावावा. नुसत्या जॅकवर कोणी खाली जायचे नाही. टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून हाउसिंगपर्यंत जाणारा फिरता दांडा) फ्लँजवर खडूने खूण करावी. आधी ढिलाई काढून घेऊन मग उचललेले चाक पूर्ण दोन फेरे फिरवावे आणि तेवढ्यात शाफ्ट किती फिरला ते दुसऱ्याने मोजावे. चाकाचे दोन फेरे यासाठी, की एक बाजू जमिनीला टेकलेली असताना डिफरन्शियलमुळे (दोन बाजूंची चाके वेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) उचललेले चाक दुप्पट फिरते. शाफ्ट ७ फेऱ्यांना जरा कमी फिरला तर ६.८३, सहाला जरा कमी तर ५.८६. पाचच्या आत आला तर ती गाडी देशावरच्या लांब सपाट रस्त्याची आहे. तिला तिकडेच राहू द्यावे.

याच वेळी फुकटात आणखी एक तपासणी होते. शाफ्ट हाताने मागे-पुढे हलवून किती मोकळा फिरतो ते पाहावे. जॉइंटचे क्रॉस, स्लिप योक आणि क्राऊन-पिनियन यांची सगळी ढिलाई तिथे हाताला लागते. सेंटर बेअरिंगचे रबर फाटले असेल तर शाफ्ट वरखाली उचलता येतो.

गिअरबॉक्स तपासायचा तर गाडी सकाळी, थंड असताना पाहायला जावे आणि आदल्या संध्याकाळी फोन करू नये. आवाज दाबण्यासाठी पेटीत फार जाड ऑइल किंवा ग्रीस मिसळण्याची युक्ती जुनी आहे; गाडी गरम असली की ती कळत नाही. थंड असताना मात्र गिअर ओढायला जड जातो, आणि काडीने काढलेले ऑइल तारेसारखे लोंबते. इंजिन चालू करून न्यूट्रलमध्ये क्लच सोडून ऐकावे. घरघर येते आणि क्लच दाबल्यावर थांबते, तर मेन शाफ्टच्या पुढचे किंवा ले-शाफ्टचे (पेटीतला त्याला समांतर दुसरा दांडा) बेअरिंग गेले आहे. क्लच दाबल्यावर आवाज सुरू होतो, तर क्लचचे रिलीज बेअरिंग. पहिले काम पेटी उतरवून उघडण्याचे, दुसऱ्याला पेटी फक्त मागे सरकवावी लागते. दोन्हींच्या खर्चात मोठा फरक आहे, आणि तो भावात मागून घेता येतो.

मग गाडी चालवून बघावी, आणि ती भरलेली असेल तर उत्तम. रिकाम्या गाडीत गिअरबॉक्सचे अर्धे दोष दिसतच नाहीत. सगळ्या गिअरमध्ये आवाज आहे आणि डायरेक्ट टॉपमध्ये तो गायब होतो, तर दोष ले-शाफ्टकडे आहे, कारण डायरेक्टमध्ये ले-शाफ्टवर भार नसतो. टॉपमध्येही आवाज राहिला तर मेन शाफ्टची बेअरिंगे, नाहीतर हाउसिंग. एक्सिलरेटर दाबताना मागून गुणगुणते आणि सोडल्यावर थांबते, तर क्राऊन-पिनियन झिजले आहेत. सगळ्यांत महत्त्वाची तपासणी उतारावर करायची : तिसऱ्या, मग चौथ्या गिअरमध्ये गाडी उतरू द्यावी, एक्सिलरेटर पूर्ण सोडावा आणि दांड्यावरून हात काढून घ्यावा. गिअर आपोआप न्यूट्रलला आला, तर ती गाडी घाटात नेणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. विकणारा म्हणतो, ‘स्प्रिंग बदलली की झाले.’ काही वेळा खरेच लॉकची स्प्रिंग किंवा पेटीचे माउंटिंग रबर एवढेच कारण असते. पण बहुतेकदा डॉगचे, म्हणजे गिअर अडकवून धरणारे, दात टोकाला गोल झालेले असतात, नाहीतर फोर्क (गिअर सरकवणारा काटा) झिजलेला असतो. कडक स्प्रिंग घातली की तो दोष दोन-चार महिने झाकतो, एवढेच. पेटी उघडून दात पाहिल्याशिवाय या वाक्यावर पैसे मोजू नयेत.

पेटीचा ड्रेन प्लग काढू देत नाही तो विक्रेता काहीतरी लपवतो आहे असे धरून चालावे. प्लगला चुंबक असतो. त्यावर राखाडी मऊ लेप असला तर ती रोजची झीज, काळजीचे कारण नाही. बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा असला तर पेटी उघडावीच लागणार. ऑइलमध्ये पिवळी चमक दिसली तर सिंक्रो रिंगा संपत आल्या. गिअर खाली घेताना येणारी खरखर त्याचीच. आणि ऑइल दुधाळ असेल, तर आत पाणी गेले आहे. कोकणात हा दोष फार. पुराच्या पाण्यातून गाडी काढली की गरम पेटी एकदम थंड होते आणि ब्रीदरमधून (पेटीचे हवेचे भोक) पाणी आत ओढते. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडमध्ये पूर आला तेव्हा किती वाहने पाण्यात उभी होती ते सगळ्यांनी पाहिले आहे. त्यातली दुरुस्त झालेली वाहने आजही बाजारात फिरतात. पाणी गेलेल्या पेटीत बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे बारीक खड्डे पडतात. ऑइल बदलून रंग स्वच्छ होतो, खड्डे राहतात. अशी गाडी ओळखायची असेल तर कॅबिनच्या फ्यूजबॉक्सच्या मागे, सीटखालच्या पत्र्याच्या घडीत आणि डॅशबोर्डच्या तारांच्या झुडपात मातीचा थर शोधावा. बाहेरून धुतलेली गाडी आत धुतलेली नसते.

ऑइलबद्दल एक सूचना, कारण ही चूक घेतल्यानंतर होते. सिंक्रोच्या पेटीला कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल घालावे, बहुतेकदा ते जीएल-४, ८०डब्ल्यू-९० असते. हाउसिंगसाठी आणलेले जीएल-५ डब्यात उरले म्हणून पेटीत ओतू नये. त्यातली काही रसायने पितळी रिंगांना सोसत नाहीत.

क्लचची परीक्षा सोपी आहे. सपाट जागी हँडब्रेक ओढून वरचा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. इंजिन लगेच बंद पडले तर प्लेट ठीक. घुरघुरत चालूच राहिले तर प्लेट घसरते आहे. चढावर उचलताना सगळी कॅबिन थरथरत असेल तर प्लेटबरोबर फ्लायव्हीलही भाजलेले असते आणि ते लेथवर घासावे लागते.

ब्रेककडे वळू. हवेच्या टाक्यांच्या खालचे ड्रेन उघडावेत. थोडे पाणी आले तर चालते, दमट हवेत ते येणारच. पाण्याबरोबर काळे तेल आले तर कॉम्प्रेसर तेल फेकतो आहे आणि ते तेल सगळ्या व्हॉल्व्हच्या रबरांत पोचलेले आहे. ९ गिअरच्या पेटीत रेंजच्या व्हॉल्व्हमध्येही. एअर ड्रायरची बाटली कधी बदलली ते विचारावे. बहुतेकांना ती असते हेच माहीत नसते. ड्रमवर निळसर डाग आणि केसासारख्या चिरा दिसल्या तर गाडी घाटात न्यूट्रलवर सोडली जात होती असे समजावे, म्हणजे गिअरबॉक्सची आणि ड्रायव्हरच्या सवयीची बातमी ड्रमवरून मिळते. एक्झॉस्ट ब्रेकची (धुराची वाट अडवून उतारावर गाडी रोखणारा ब्रेक) फुलपाखरी झडप हाताने हलते का पाहावे. काजळीने ती उघडीच अडकलेली असते, आणि मग उताराचा सगळा भार ड्रमवर येतो. कराडहून कुंभार्ली उतरणाऱ्या भरल्या गाडीला हा ब्रेक नसेल तर ती घेऊच नये.

गंज हा आमच्या किनाऱ्याचा वेगळा विषय. मिरकरवाडा, हर्णे, मालवण अशा बंदरांवर मासळी वाहिलेली गाडी स्वस्त मिळते आणि दिसायला लखलखीत असते. वरून कीर्तन, आतून तमाशा. बर्फाचे खारे पाणी वर्षानुवर्षे हौद्यातून चॅसीवर गळलेले असते. चॅसीच्या दोन पट्ट्या जिथे एकावर एक बसवलेल्या असतात तिथे आत गंज फुगतो, पट्टी बाहेरच्या बाजूला पोटासारखी दिसते आणि रिव्हेट ताणले जातात. छोट्या हातोडीने पाट्यांच्या (चाकांवरच्या पट्टीच्या स्प्रिंगा) ब्रॅकेटजवळ, क्रॉस मेंबरच्या टोकांना आणि कॅबिनच्या मागच्या माउंटिंगपाशी ठोकत जावे. खणखणीत आवाज आला तर लोखंड आहे, बद्द आला तर पापुद्रे. काळा अंडरकोट ताजा मारलेला असेल तर तो आधी खरवडून पाहावा. ब्रेकच्या लोखंडी नळ्या आणि हवेच्या टाक्यांचे पट्टे शेवटी हाताने चाचपावेत. घाटावरची, कोल्हापूर-सांगलीकडची गाडी याबाबतीत बरी, पण तिकडच्या गाड्या उसाच्या ओव्हरलोडने पाटे आणि चॅसी वाकवून घेतात. दोन्हींत निवडायचे तर आम्ही वाकलेला पाटा पत्करू. पाटा बदलता येतो.

गंजाचा एक फटका कागदांवर बसतो. चॅसीवर ठोकलेला नंबर गंजाने पुसट झाला असेल तर हस्तांतर आणि फिटनेसच्या वेळी पेन्सिलीचा ठसा नीट येत नाही, आणि काम अडकते. व्यवहारापूर्वी स्वतः कागद ठेवून ठसा घेऊन पाहावा, आरसीशी अक्षर-अक्षर जुळवावा. तसाच टेपने व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) मोजून आरसीवरच्या मिलिमीटरशी ताडावा. आखूड डंपरची चॅसी कापून, जोड देऊन लांब केलेल्या गाड्या मिळतात. जोड रंगाखाली दिसत नाही, टेप मात्र खोटे बोलत नाही.

इंजिनाबद्दल थोडक्यात. थंड इंजिन चालू झाल्यावर ऑइल भरण्याचे झाकण उघडावे. हलकी वाफ ठीक, फुसफुस दाबाने धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. २०१७ च्या आधीच्या, म्हणजे बीएस-४ हे धुराचे निकष देशभर लागू होण्यापूर्वीच्या बऱ्याच ट्रकांत यांत्रिक डिझेल पंप आहे, तो गावातला पंपवाला बांधतो. बीएस-४ मध्ये कॉमन रेल (संगणकाने चालणारी डिझेलची यंत्रणा) आणि अनेक गाड्यांत धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाची टाकी आली. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ मध्ये धुराचा फिल्टरही. वर्षातले चार महिने पळून बाकी वेळ उभ्या राहणाऱ्या गाडीत युरियाचे स्फटिक नळीत बसतात. हंगामी कामाला यांत्रिक पंपाची गाडी सोपी पडते, पण तिचे वय बघावे लागते : ८ वर्षांपर्यंतच्या गाडीचे फिटनेस दोन वर्षांचे मिळते, त्यापुढे दरवर्षी करावे लागते, आणि १५ वर्षांवरच्या जड गाडीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून खूप वाढलेले आहे. चालू दर आरटीओत विचारून मगच किमतीची घासाघीस करावी.

हौद्याच्या तळाला नाक लावायला लाजू नये. खत, सिमेंट किंवा मासळीचा वास लाकडात मुरलेला असतो आणि बारदान तो ओढून घेते. फळ्यांच्या फटींतून खालच्या चाकांचे पाणी उडते. १७ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असलेले भात केंद्रावर परत पाठवतात, आणि अवकाळी पावसात तळाच्या दोन थरांची पोती एवढ्यावरून नाकारली जाऊ शकतात. फळ्यांवर पत्रा ठोकून कडा बंद करणे हे स्वस्त काम आहे. ताडपत्री मात्र नवीच घ्यावी, हौद्याच्या दोन्ही बाजूंनी फाळक्याच्या अर्ध्यापर्यंत खाली येईल एवढी.

कागद. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवण्याचा) हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या टोकन देतानाच घ्याव्यात. गाडी दुसऱ्या आरटीओची, समजा एमएच-०९ (कोल्हापूर) ची एमएच-०८ (रत्नागिरी) ला आणायची, तर फॉर्म २८ (आरटीओची एनओसी) लागेल. थकलेला कर आणि ई-चलन परिवहनच्या पोर्टलवर गाडीच्या नंबराने आदल्या दिवशी पाहावे. ती रक्कम विकणाऱ्याने भरायची असे स्टॅम्प पेपरवर लिहून घ्यावे. माल गोव्यात किंवा बेळगावकडे जाणार असेल तर परमिट नॅशनल आहे का ते बघावे, महाराष्ट्राच्या परमिटवर सीमेपुढे जाता येत नाही. गाडी गटाच्या नावावर घ्यायची असेल तर गटाची नोंदणी आणि ठराव लागतो, एका सभासदाच्या नावावर घेऊन पुढे भांडणे करू नयेत. विमा नव्या नावावर करण्यासाठी हस्तांतरापासून १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज द्यावा लागतो, आणि तो अर्ज दिल्याची पोच गाडीतच ठेवावी.

आपले,
जुन्या मालमोटारींच्या गिअरबॉक्सचे काम करणारे कारागीर,
चिपळूण